लहान आतड्याची तपासणी सांगितलीय? सिस्टरचं ऐका

एंडोस्कोपीच्या खोलीत माझी एकोणीस वर्षं गेली. डॉक्टर दुर्बीण घालतात, मी पेशंटच्या उशाशी उभी असते. एक हात त्याच्या हनुवटीखाली, एक डोळा ऑक्सिजनच्या आकड्यावर. एवढ्या वर्षांत नातेवाइकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच: "सिस्टर, वरून दुर्बीण झाली, खालून झाली, दोन्ही नॉर्मल. मग रक्त जातंय कुठून?"

मधून जातंय.

वरची दुर्बीण तोंडातून जठरात उतरते आणि लहान आतड्याच्या पहिल्या वळणाशी थांबते. खालची दुर्बीण अख्खं मोठं आतडं पार करून लहान आतड्याच्या शेवटच्या वीतभरात डोकावते. या दोघींना न दिसणारं आतडं उरतं ते साधारण सहा मीटर, म्हणजे सहावारी साडीपेक्षा जरा लांबच. आणि ते साडीसारखं घडी घालून ठेवलेलं नसतं, दोरीवरून पडलेल्या ओल्या कपड्यासारखं गोळा होऊन पोटात असतं, वर सतत हलत असतं. म्हणून पंचवीसेक वर्षांपूर्वीपर्यंत इथं काय चाललंय हे बघायला पोट उघडण्यावाचून फारसा इलाज नव्हता.

आता दोन साधनं आहेत. एक गिळायची कॅप्सूल, जी फक्त बघते. दुसरी फुग्याची लांब दुर्बीण, जी बघते आणि कामही करते. कोणाचा नंबर आधी, कोणाचा नंतर, आणि त्यात तुमच्या हातात काय असतं, ते सांगते. औषधाचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्यायचा, माझ्याकडून नाही.

आधी फाइल लावा

उदाहरणादाखल एक काका घेते. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले, वय सदुसष्ट. आठ महिन्यांत तीनदा भरती, तिन्ही वेळा रक्ताच्या बाटल्या. आमच्याकडे आले तेव्हा हिमोग्लोबिन ६.१. मुलाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात चुरगळलेले रिपोर्ट, औषधांची रिकामी पाकिटं आणि एक बसचं तिकीट. मी ती पिशवी टेबलावर ओतली आणि त्याला म्हटलं, चहा पिऊन ये, तोवर लावते.

हे काम तुम्ही घरीच करून या. एका कागदावर तारखेप्रमाणे हिमोग्लोबिनचे आकडे लिहा, शेजारी रक्त कधी चढवलं ते. दुसऱ्या कागदावर शौचाचं वर्णन. लाजू नका, आमचा दिवस याच बोलण्यात जातो. डांबरासारखी काळी, चिकट, भांड्याला धरून राहणारी आणि उग्र वासाची शौच असेल तर ते आत पचलेलं रक्त असतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते आणि तसा वासही येत नाही. लालभडक असेल तर तसं लिहा. किती दिवस टिकलं, कधी थांबलं, तेही लिहा.

तिसरा कागद औषधांचा, आणि इथे लोक खोटं बोलतात. मुद्दाम नाही, विसरतात. गुडघ्याची गोळी त्यांना औषध वाटतच नाही. काकांना तीनदा विचारलं, तिन्ही वेळा "काही नाही". चौथ्यांदा विचारलं, "गाडी चालवून कंबर दुखत असेल ना? काय घेता?" तेव्हा निघालं की वीस वर्षं मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घेतायत, कधी रोज एक, कधी दोन. या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात अल्सर होतो हे सगळ्यांना माहीत असतं. लहान आतड्यातही होतो, हे कोणाला माहीत नसतं. काही जणांना आत पातळ पडद्यासारखे अडथळेही तयार होतात. तेव्हा आयुर्वेदिक म्हणून मिळालेली पुडी, बाजारात घेतलेली सांधेदुखीची गोळी, पाठीचं इंजेक्शन, सगळं लिहा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं दुसरं काही चालू असेल तर ठळक अक्षरात लिहा, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसानं शेजाऱ्याच्या सल्ल्यानं गोळी थांबवली तर पोटाचं राहू द्या, आधी छातीचं बघावं लागतं.

डॉक्टर कदाचित पहिल्या दोन दुर्बिणींपैकी एखादी पुन्हा करा म्हणतील. चिडू नका. पहिल्या वेळी पोट नीट साफ नसेल तर जठरातला घाव सुटलेला असतो, आणि लहान आतड्यात शोधत बसण्यापेक्षा तो सापडणं बरं.

एक स्वस्तातली गोष्ट आवर्जून विचारा: शौचाची साधी तपासणी झाली का? शेतात अनवाणी फिरणाऱ्या माणसात हुकवर्म हा जंत लहान आतड्याला चिकटून रक्त पीत बसतो. महागाची कॅप्सूल गिळवून पडद्यावर वळवळणारा जंत पाहिलेला माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यावर इलाज जंताच्या गोळीचा. डॉक्टर हसले, पेशंटच्या भावाला हसू आलं नाही, बिल त्याच्या हातात होतं.

कॅप्सूल गिळण्याआधी वाट मोकळी आहे का बघा

या कॅप्सूलचा जनक गॅव्ह्रिएल इडान हा इस्रायली अभियंता, क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम करणारा. शेजारी राहणाऱ्या पोटाच्या डॉक्टरशी गप्पा मारताना त्याच्या डोक्यात हे आलं. २००० साली 'नेचर'मध्ये त्यावरचा लेख आला आणि २००१ साली अमेरिकेत वापरायला परवानगी मिळाली. आकार अंदाजे २६ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर जाड, वजन ४ ग्रॅमच्या आत. मोठ्या व्हिटॅमिनच्या कॅप्सूलएवढी. आत दिवे, कॅमेरा, बॅटरी आणि रेडिओ. सेकंदाला दोन किंवा जास्त फोटो, आठ ते बारा तास. मिळून पन्नास हजारांच्या वर फोटो पोटावरच्या पट्ट्यातून कमरेच्या रेकॉर्डरमध्ये जातात.

ती स्वतः चालत नाही, आतडं तिला ढकलतं. त्यामुळे वाटेत आतडं अरुंद झालं असेल तर ती अडकते. दोन आठवड्यांनंतरही बाहेर आली नाही तर ती अडकली असं धरतात. फक्त रक्तस्रावासाठी केलेल्या तपासण्यांत हे क्वचित होतं. क्रोन्स डिसीज, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार, माहीत असलेल्यांत जास्त होतं, आणि आपल्याकडे आतड्याच्या टीबीमुळे अरुंदपणा बराच दिसतो, हे विसरायचं नाही.

म्हणून या प्रश्नांची उत्तरं तुम्ही आपणहून सांगा, कोणी विचारण्याची वाट बघू नका: जेवणानंतर पोटात पिळवटून येतं का, पोट फुगून गुडगुडतं आणि मग एकदम हलकं वाटतं का, उलट्या होतात का, पोटाचं ऑपरेशन झालंय का, पोटावर रेडिएशन घेतलंय का. एकाचंही उत्तर हो असेल तर थेट कॅप्सूल नाही. आधी आतड्याचा सीटी स्कॅन, ज्याला सीटी एंटेरोग्राफी म्हणतात, किंवा पेटन्सी कॅप्सूल.

पेटन्सी कॅप्सूल म्हणजे रंगीत तालीम. तेवढ्याच आकाराची, पण कॅमेरा नसलेली, दुधातल्या साखरेची आणि बेरियमची. ती ठरलेल्या वेळेत अखंड बाहेर आली तर वाट मोकळी. अडकली तर साधारण तीस तासांनंतर विरघळायला लागते. चोवीस वर्षांची एक मुलगी आली होती, जेवलं की पोट दुखायचं, वजन उतरलेलं. तिची पेटन्सी कॅप्सूल अडकली. खरी कॅप्सूल आम्ही दिलीच नाही. तिचं पुढचं सांगते नंतर.

मधुमेह जुना असेल तर तेही सांगा. अशा माणसाचं जठर आळशी झालेलं असतं. आमच्या एका आजींची कॅप्सूल सहा तास जठरातच बसून राहिली आणि बॅटरीचा निम्मा दिवस तिथल्याच भिंतीचे फोटो काढण्यात गेला. तेव्हापासून मी गिळल्यावर तासाभरात रेकॉर्डरच्या लाइव्ह पडद्यावर कॅप्सूल खाली उतरली का बघतेच. उतरली नसेल तर जठर हलवणारं औषध देता येतं किंवा साध्या दुर्बिणीनं ती पुढे ढकलता येते. तुम्हीही विचारा, "सिस्टर, उतरली का?" विचारल्यानं कोणी रागावत नाही. ज्यांना गोळीच गिळता येत नाही, त्यांना दुर्बिणीच्या टोकाला लावून कॅप्सूल थेट लहान आतड्यात सोडता येते.

तयारी: उपवास म्हणजे साबुदाणा नव्हे

कॅमेरा कितीही भारी असो, समोर खिचडी असेल तर खिचडीच दिसणार. आदल्या दिवशीच्या "फक्त पातळ पदार्थ" या सूचनेचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा निघतो. एका काकूंनी साबुदाण्याची खीर पातळ करून घेतली होती. दुसऱ्या एका घरी दिवसभर ताक. तर माझा नियम साधा: काचेच्या पेल्यात ओतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. साधं पाणी, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, दूध न घातलेला चहा, गाळलेला सफरचंदाचा रस. ताक, दूध, वरणाचं पाणी, सोलकढी नाही. आणि कोकम सरबत तर नाहीच नाही. ते पारदर्शक असतं, हे मान्य. पण लाल असतं. रक्त शोधायला निघालेल्या कॅमेऱ्यासमोर लाल पाणी ठेवण्यात काय अर्थ आहे? बीट, लाल जेली, लाल रंगाची इलेक्ट्रॉलची चवही याच कारणासाठी नको.

लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद, डॉक्टरांना विचारून. त्या आतड्याच्या भिंतीला काळा थर देतात.

आदल्या संध्याकाळी पोट साफ करायची पावडर, बहुतेक ठिकाणी दोन लिटर पाण्यात. चव खारट-गोडसर, कोणालाच आवडत नाही. थंड करून, नळीनं, जिभेच्या मागच्या बाजूला ओढत प्या. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. घाई केली तर उलटी होते आणि सगळं मुसळ केरात. रात्री बारानंतर पाण्याचंही बंधन असेल तर ते पाळा. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन त्या दिवशी कसं घ्यायचं ते आधीच लिहून घ्या. उपाशी पोटी नेहमीचं इन्सुलिन घेऊन साखर उतरलेले पेशंट आम्ही दारातच सलाईन लावून आत घेतलेत.

सकाळी सुट्टे, दोन भागांचे कपडे घाला. साडीवाल्यांनो, परकराची नाडी नेमकी पट्ट्यावर येते, म्हणून सलवार आणि सैल कुर्ता बरा. पुरुषांच्या पोटावर केस जास्त असतील तर चिकटपट्ट्यांसाठी तिथले काढावे लागतात. पॅड कमी, पट्टा जास्त अशीही यंत्रं आहेत, तिथे हा प्रश्न नाही.

गिळण्याआधी फेस मोडायचं औषध देतात, सिमेथिकोन. कॅप्सूल पाण्यासोबत एका घोटात जाते. लोक फार घाबरतात आणि मग विचारतात, "गेली?" दोन तासांनी पाणी, चार तासांनी हलकं खाणं. दिवसभर चाला, बसा, टीव्ही बघा. रेकॉर्डरवरचा दिवा लुकलुकतोय का ते मधूनमधून बघा, थांबला तर फोन करा. जड वजन उचलू नका, वाकून काम नको. आणि कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय अजिबात नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. पाय घसरून पडला आणि दुसऱ्या दवाखान्यात कोणी एमआरआय सुचवला तर सांगणारं कोणीतरी पाहिजे.

कॅप्सूल शौचातून जाते, बहुतेकांची एक-दोन दिवसांत. एकदाच वापरायची असते, परत द्यायची नसते. एका आजोबांनी ती धुऊन, पुसून, स्टीलच्या डब्यात घालून आणली होती, "महागाची वस्तू, टाकवेना." दिसली नाही तर दोन आठवड्यांनी पोटाचा एक्स-रे काढतात. मात्र पोट फुगलं, उलट्या लागल्या, गॅस सुटेनासा झाला तर दोन आठवडे थांबू नका.

वेळेचं एक सांगायचं राहिलं. रक्त दिसल्यावर ही तपासणी जितक्या लवकर होईल तितकी सापडण्याची शक्यता जास्त. युरोपातल्या एंडोस्कोपी संघटनेची २०२२ ची शिफारस उघड रक्तस्रावानंतर शक्यतो ४८ तासांच्या आत, अशी आहे. आपण मात्र "पगार झाला की करू", "परीक्षा संपली की करू" म्हणतो, आणि तोवर जखम झाकलेली असते. पैशांचं अवघड आहे, मला माहीत आहे. फक्त विमा असेल तर भरतीआधी टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीच्या, खिडकीवर विचारा: निव्वळ तपासणीसाठीची भरती बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. रक्त चढवण्यासाठी भरती असतानाच कॅप्सूल झाली तर कागदपत्रं वेगळी होतात. हे डॉक्टरांनी खरं असेल तरच लिहावं, तुम्ही मागून घ्यायचं नाही.

रिपोर्टमधलं घड्याळ

रिपोर्ट हातात आला की लोक शेवटची ओळ वाचतात. मी सांगते, वेळा वाचा.

तीन वेळा असायलाच हव्यात: कॅप्सूल जठरात कधी दिसली, लहान आतड्यात कधी शिरली, मोठ्या आतड्यात कधी पोचली. तिसरी वेळ नसेल तर तपासणी अपुरी आहे, शेवटचा तुकडा बघितलेलाच नाही. असं दर पाच-सहा तपासण्यांत एखादीचं होतं. मग "नॉर्मल" या शब्दाचा अर्थ "जेवढं बघितलं तेवढं नॉर्मल" एवढाच. आतडं किती स्वच्छ होतं, तेही लिहिलेलं असावं.

काकांच्या रिपोर्टात लिहिलं होतं: लहान आतड्यात शिरल्यापासून १ तास १२ मिनिटांनी रक्तवाहिन्यांचे लाल ठिपके, एकातून रक्त पाझरतंय. लहान आतडं पार करायला एकूण ४ तास ४० मिनिटं. म्हणजे २८० मिनिटांतली ७२, पहिल्या चतुर्थांशाच्या जरा पुढे. या हिशेबावरच ठरतं की फुग्याची दुर्बीण तोंडातून घालायची की खालून. घाव पहिल्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असेल तर तोंडातून, त्याच्या पुढे असेल तर खालून. घड्याळ अंतर सांगत नाही, आतडं कधी धावतं कधी रेंगाळतं, पण वाट निवडायला एवढं पुरतं. हे काकांच्या मुलाला मी पेनानं कागदावर करून दाखवलं. तोही एसटीतच आहे, कंडक्टर. म्हणाला, "म्हणजे टप्पा काढला म्हणा."

कॅप्सूलचा सगळा व्हिडिओ मागून घ्या, पेन ड्राइव्हवर. छापील चार फोटोंवरून दुसऱ्या डॉक्टरला काही सांगता येत नाही.

फुग्याची दुर्बीण: नाडी ओवण्याचं काम

जपानच्या हिरोनोरी यामामोटो या डॉक्टरांनी २००१ मध्ये दोन फुग्यांच्या दुर्बिणीचं तंत्र मांडलं. दुर्बीण दोन मीटर लांब आणि तिच्यावरून सरकणारी नळी त्याहून आखूड. एक फुगा दुर्बिणीच्या टोकाशी, दुसरा नळीच्या टोकाशी. सहा मीटरचं आतडं दोन मीटरच्या दुर्बिणीत कसं मावतं, हे मी असं समजावते: पायजम्यात नाडी ओवलीय ना कधी? सेफ्टी पिन पुढे ढकलायची, चिमटीत धरायची, मागचं कापड चुण्या पाडत ओढून घ्यायचं. पिन सहा इंचच पुढे जाते, पण कापड मागे गोळा होत राहतं. इथे पिनेच्या जागी दुर्बीण आणि चिमटीच्या जागी फुगा. पुढचा फुगा फुगवला की आतड्याला आतून पकड बसते, मागची नळी पुढे सरकवायची, तिचा फुगा फुगवायचा, मग दोन्ही मिळून हळूच मागे ओढायचं. आतडं नळीवर गोळा होतं. पुन्हा पुढे. एका फुग्याची यंत्रंही आहेत, तत्त्व तेच. मोटरनं फिरणारी स्पायरल दुर्बीणही काही वर्षं वापरात होती, २०२३ मध्ये ती बाजारातून मागे घेण्यात आली. त्यामुळे जुना लेख वाचून तिचा आग्रह धरू नका.

हे काम एक-दोन तास चालतं, म्हणून भूल लागते. तोंडातून असेल तर बऱ्याच ठिकाणी श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल देतात. तोंडावाटे जायचं तर रात्रभर उपाशी राहणं पुरतं. खालून जायचं तर कोलोनोस्कोपीसारखी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीसारखी, पूर्ण सफाई. भूलतज्ज्ञांना दात हलतो का, घोरता का, दमा आहे का, हे सांगा. रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी अंगावर पुरळ येतं का तेही सांगा, कारण काही यंत्रांचे फुगे लॅटेक्सचे असतात. आणि आधी विचारा की आत हवा भरणार की कार्बन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइड लवकर शोषला जातो, नंतर पोट कमी फुगतं.

काकांना तोंडातून घेतलं. वेळेच्या हिशेबानुसार बरंच आत गेल्यावर ठिपके दिसले, चेरीसारखे लाल, कोळ्याच्या पायांसारख्या कडा. डॉक्टरांनी आर्गन वायूच्या ज्योतीनं ते एकेक भाजले. पातळ भिंत असते, म्हणून झटका देऊन पुढे जायचं, रेंगाळायचं नाही. सगळ्यात मोठ्या ठिपक्याला क्लिप लावली. परतताना पोचलेल्या सगळ्यात खोल जागी काळ्या शाईचं टोचण केलं, म्हणजे पुढे कधी खालून यायची वेळ आली तर कळेल की वरून इथवर झालंय. तुमच्या रिपोर्टात हे टोचण लिहिलेलं असलं पाहिजे.

डॉक्टरांनी भरतीतच त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावून इको करायला सांगितला होता. हृदयातली महाधमनीची झडप अरुंद निघाली. झडपेचा हा आजार, मूत्रपिंडाचा जुना आजार आणि आतड्यातले हे लाल ठिपके यांची जोडी अनेकदा असते. झडपेमुळे रक्त गोठवणारं एक प्रथिन मोडतं. झडप दुरुस्त झाली की रक्तस्राव कमी होतो. मुलगा वैतागला, "पोट दाखवायला आलो, हृदय निघालं." मला मात्र बरं वाटलं. नुसते ठिपके भाजून घरी पाठवलं असतं तर नवे आलेच असते.

आता ती मुलगी. तिला सीटीत लहान आतड्याच्या शेवटाजवळ आखूड अरुंदपणा दिसला. कॅप्सूल नाहीच, थेट खालून फुग्याची दुर्बीण. आडवे अल्सर, मध्ये अरुंद भाग. आपल्याकडे अशा वेळी दोन नावं समोर येतात: टीबी आणि क्रोन्स. डोळ्यांना सारखेच दिसू शकतात. फरक करायचा कारण क्रोन्समध्ये जी औषधं देतात, ती प्रतिकारशक्ती दाबतात. टीबीच्या माणसाला ती दिली तर टीबी भडकतो.

म्हणून तुकडे घेतले आणि इथे नातेवाइकांनी कान टवकारायचे. तुकडे दोन प्रकारच्या बाटल्यांत जातात. एक फॉर्मॅलिनची, सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी. दुसरी सलाईनची, टीबीच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅटसाठी (जंतूची जनुकं शोधणारी तपासणी). फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यातून कल्चर होत नाही. बऱ्याच ठिकाणी या बाटल्या लॅबपर्यंत नातेवाईकच नेतात. तुमच्या हातात एकच बाटली दिली तर विचारा, "टीबीसाठी वेगळी आहे का?" आणि सलाईनवाली बाटली दुपारी जेवून मग नेऊ असं करू नका. मुलीचं सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं. टीबीची औषधं सहा महिने. अरुंद भाग त्याच दिवशी ताणला नाही, कारण ओल्या अल्सरवर फुगा ताणणं धोक्याचं. औषधांनी अल्सर भरल्यावर, आखूड आणि सरळ अरुंदपणा उरला तर फुग्यानं रुंद करता येतो. तिला ते करायची गरज लागली नाही.

याच दुर्बिणीनं पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर वाढलेले मांसल कोंब, काढतात. पॉट्झ-जेगर्स नावाच्या आजारात ओठांवर काळसर ठिपके आणि लहान आतड्यात मोठाले पॉलिप असतात, तिथे ऑपरेशन टाळता येतं. अडकलेली कॅप्सूलही हीच बाहेर आणते. गाठ दिसली तर तुकडा आणि शाईचं टोचण, म्हणजे सर्जनला जागा सापडते. रक्त धो धो जात असेल, रक्तदाब पडत असेल तर मात्र कॅप्सूल-बिप्सूल नाही, सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) आणि रक्तवाहिनी बंद करणारे रेडिओलॉजिस्ट आधी. लहान मुलात वेदना न होता लाल रक्त गेलं तर मेकेल्स नावाची जन्मजात पिशवी असते का ते वेगळ्या स्कॅननं बघतात.

घरी गेल्यावर

भुलीनंतर चोवीस तास गाडी चालवायची नाही, कागदावर सह्या करायच्या नाहीत. घसा खवखवतो, पोट गडगडतं, ते दुसऱ्या दिवशी जातं. ही दुखणी मात्र वेगळी: वरच्या पोटात सुरू होऊन पाठीत जाणारी आणि उलट्यांसह येणारी कळ (तोंडातून केलेल्या तपासणीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते), लाकडासारखं कडक झालेलं पोट, ताप, खांद्यापर्यंत जाणारं दुखणं, काळी शौच. यांपैकी काही झालं तर रात्र काढू नका. रिक्षात बसा आणि या. येताना तपासणीचा रिपोर्ट सोबत आणा, नाहीतर रात्रपाळीचा पोरगेला डॉक्टर पहिल्यापासून विचारत बसेल.

तपासणीला जाताना घरचं एक माणूस ठेवा, जे डिस्चार्जच्या वेळी जागं असेल. पेशंट हसत "हो हो" म्हणतो आणि त्याला काहीही आठवत नाही. त्या दिवशी काय केलं, किती आत गेले, क्लिप लावली का, टोचण केलं का, तुकडे कुठे पाठवले, त्यांचा रिपोर्ट कोण घेणार, रक्त पातळ करणारी गोळी कोणत्या तारखेला पुन्हा सुरू, हे सात प्रश्न त्यानं विचारायचे.

काका आता दर महिन्याला हिमोग्लोबिन करतात. डायक्लोफिनॅक बंद, कंबरेला पॅरासिटामॉल आणि पट्टा. लोहाची गोळी चालू. मधे एकदा ९ वरून ८ ला उतरलं होतं, तेव्हा मुलाचा फोन आला, आवाजात धास्ती. ठिपके पुन्हा येऊ शकतात, हे आधीच सांगितलं होतं. तेव्हा पुन्हा भाजता येतात, काहींना महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही देतात. त्यांचं झडपेचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. पिशवी जाऊन आता फाइल झाली आहे, निळ्या रंगाची, पहिल्या पानावर तारखांचा तक्ता.